खाकीच्या पिशव्या

"कापड कोन्हं?" अक्का विचारायच्या.

"माझं," आपण म्हणायचं.

"मंग चिंधी बी तुन्हीच," म्हणत त्या ब्लाउजच्या घडीत काहीतरी सारायच्या. घरी येऊन उलगडावं, तर आत गरम पातेलं धरायची फडकी, नाहीतर चिल्लर ठेवायला बटव्यासारखी पिशवी.

जळगावात मेहरूणला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी जिन्याखालच्या खोलीत अक्का शिवणकाम करायच्या. मूळच्या शिंदखेड्याच्या. ऑफिसातून येताना मी तिथे टेकायची, चहा व्हायचा, मग घर.

उरलेलं कापड गुपचूप ठेवून घेणारे शिंपी तुम्हीही पाहिले असतील. अक्कांची तऱ्हा उलटी. ज्या घरचं कापड, त्याची चिंधीही त्याच घरी गेली पाहिजे. अर्धवट राहिलेल्या शिवणकामाचंही तेच. कुणाची हौस फिटायची, कुणी मध्येच जाड व्हायचं, कापलेला ड्रेस न्यायला कुणी यायचंच नाही. अक्का पुष्कळ वाट बघत, आणि मग त्याच्या बाजारच्या पिशव्या, नाहीतर उशीचे अभ्रे शिवून स्वतः पोचवत. माझ्या एका अर्ध्या पंजाबी ड्रेसची अशीच मिक्सरची टोपी झाली. वर मलाच म्हणाल्या, "आंगले नही व्हयना, मिक्सरले तं व्हयना!"

या सवयीनेच एकदा घोटाळा केला.

आमच्या समोरच्या घरातल्या सुनेला बसवर कंडक्टरची नोकरी लागली. नवऱ्याला आनंद झाला, पण "आईला तूच सांग," म्हणून तो मोकळा झाला. तिला काही सासूपुढे तोंड उघडायचा धीर होईना. गणवेशाचं खाकी कापड तिने अक्कांकडे गुपचूप टाकलं आणि कुणाला सांगू नका म्हणून विनवलं. अक्कांनी शब्द पाळला. तोंड गच्च मिटलं. हातांना मात्र कुणी बजावलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात सासूबाईंच्या ब्लाउजच्या घडीतून खाकी फडकी त्यांच्या घरी पोचली.

सासूबाई ती फडकी नाचवतच आल्या. मी तिथेच होते.

"आमच्या घरात पोलीस कोण आहे हो, अक्का?"

मशीनवरचा अक्कांचा पाय थांबला. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

त्या संध्याकाळी समोरच्या घरात जे झालं ते सगळ्या गल्लीने ऐकलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई पुन्हा हजर. "तो गणवेश अर्धाच राहिलाय ना? आता तो कुणी घालायचा नाही. तुमच्या रीतीने पिशव्या शिवून टाका त्याच्या."

महिनाअखेरपर्यंत सून कामावर रुजू झाली नाही, तर नोकरी जाणार होती. अक्कांना अन्न गोड लागेना. "मन्हा हातस्नी पोरनं वाटोळं करं," एवढंच त्या मला सारखं म्हणायच्या, आणि मला त्यांच्याकडे बघवत नसे.

सासूबाई येता-जाता डोकावायच्या. "झाल्या का पिशव्या?"

"शिवी राहिनू," अक्का म्हणायच्या. मशीनला खाकी दोरा असायचा, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती.

महिना संपत आला तसा अक्कांनी सासूबाईंना निरोप धाडला. त्या आल्या, तर समोर इस्त्री केलेला पुरा गणवेश.

"आणि पिशव्या?"

अक्कांनी विचारलं, "कापड कोन्हं, बहीन?"

सासूबाईंनी गणवेश बाजूला सारला. तो अक्कांनी पुन्हा पुढे केला.

"तिन्हं शे. तुन्हं व्हतं, तं बठ्ठा कापडन्या पिशव्या करी दिन्या व्हत्या."

मला वाटलं, आता भांडण पेटणार. पण सासूबाई तिथेच स्टुलावर बसल्या. शर्टाची बाही हातात घेतली, उलटून आतली शिवण पाहिली. मग बोलल्या, ते अगदी वेगळ्याच आवाजात. "रस्त्यावरची नोकरी, अक्का. गाडी बंद पडते, अंधार होतो. पोरीची जात. मला भीती वाटते हो."

"भेव तं माले बी वाटस," अक्का म्हणाल्या.

सासूबाईंनी गणवेश पदराखाली घेतला आणि त्या घरी गेल्या. सून वेळेत कामावर रुजू झाली.

गेल्या वर्षी अक्कांच्या गुडघ्यांनी अगदीच दगा दिला, तेव्हा मुलगा त्यांना शिंदखेड्याला न्यायला आला. मशीन टेम्पोतून गेलं. अक्का मात्र हट्टाने धुळ्याच्या बसनेच निघाल्या, कारण त्या गाडीवर समोरची सून होती. तिकडे गेल्यावर त्या फार दिवस जगल्या नाहीत. निरोप आला तेव्हा मी पोटभर रडले. अजूनही अक्का आठवल्या की मला ती स्टँडवरची सकाळच दिसते.

सासूबाई आणि मी त्यांना पोचवायला गेलो होतो. अक्का खिडकीशी बसल्या होत्या. तिकिटं देत पुढे जाणाऱ्या सुनेच्या खाकी पाठीकडे बोट करून त्यांनी हळूच विचारलं, "खांदा बराबर बसना का?"

सासूबाई म्हणाल्या, "बसला, अक्का. छान बसला." आणि खिडकीतून आत हात घालून त्यांनी अक्कांचा हात घट्ट धरला. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, तरी त्या सोडेनात.

सून दारापर्यंत आली. बेलच्या दोरीला हात घालून थांबली. तिचेही डोळे भरले होते.

"आई," ती म्हणाली, "हात सोडा. गाडीची वेळ झाली."