फुईचा शालू लालच होता

आमच्या घरी एकच जुना फोटो आहे, आणि त्याच्याविषयी बोलणाऱ्यांपैकी एकही जण तो काढला तेव्हा जन्माला आलेला नव्हता. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा छातीठोकपणे सांगतो की, त्यात उजव्या हाताला बसलेल्या फुईने, म्हणजे माझ्या आत्याने, काळे लुगडे नेसले आहे. डोळे आहेत तर पाहून घ्या, म्हणतो. त्याची बहीण थोडी अधिक ऐकून आहे. ती म्हणते, लुगडे नव्हे, शालूच आहे तो. पण आजोबा सुधारक होते, त्यांनीच आपल्या विधवा बहिणीला तो नेसायला लावला. दोघेही चूक आहेत. त्या फोटोत पाच माणसे आहेत, आणि वडिलांच्या खुर्चीमागे बंद गळ्याचा कोट घालून उभा असलेला विशीतला तरुण म्हणजे मी. बाकीचे चौघे गेले. फोटो साक्ष देतो असे पुतण्याचे म्हणणे असेल, तर मीही देतो, आणि माझी साक्ष रंगासकट आहे.

प्रकाशा या तीर्थाला यात्रेकरूंची गर्दी झाली की सुरतेकडचा एक फोटोवाला तापीकाठी राहुटी ठोकून बसे. वडिलांनी त्याला आमच्या गावी बोलावले, त्याचे कारण विशेष उदात्त नव्हते. आमच्या भाऊबंदांनी आदल्या वर्षी फोटो काढवून ओसरीत टांगला होता आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला ते तो दाखवीत. फोटोवाला आदल्या संध्याकाळी जागा पाहायला आला. वडिलांनी मोठ्या हौसेने आणलेला आकाशी फेटा त्याच्यापुढे ठेवला, तेव्हा त्याने मान हलवली. त्याच्या काचेवर निळा रंग पांढरा पडे, पिवळा काळपट येई आणि लाल तर सपशेल काळा.

"मन्हा फेटा पांढरा दिसी?" वडील उसळले. "मंग मी काय कोन्हा सुतकमा बठेल शे का?"

"मंग लाल बांधा," आई आतून म्हणाली.

"लाल काळा दिसी!"

"मंग बोडका बठा!"

शेवटी काळा तर काळा, निदान भारदस्त तरी दिसेल, असे म्हणून वडिलांनी जरीकाठी लाल फेटा पक्का केला. मग त्यांनी प्रत्येकाचा पोशाख ठरवून दिला. आईने कोणते लुगडे नेसायचे, नथ घालायची की नाही, माझ्या कोटाची वरची गुंडी लावायची की मोकळी ठेवायची, धाकट्याने टोपी कशी बसवायची, यावर दिवेलागण होऊन गेली. हे सर्व चालू असताना फुई उंबऱ्याशी उभी होती. बोलण्यात खंड पडला तेव्हा तिने विचारले, "आन मी काय नेसू, जिभाऊ?"

ती वडिलांना जिभाऊ म्हणे. वडिलांनी तिच्याकडे न पाहता उत्तर दिले, "तुले काय नेसनं शे? अंगवर शे तेच."

त्या "अंगवर शे तेच"चा अर्थ सांगितला पाहिजे, कारण आजच्या पिढीला तो कळत नाही. फुईचे लग्न चौदाव्या वर्षी झाले आणि सासरी नांदायला जाण्यापूर्वीच तिचा नवरा पटकीने गेला. आमच्या भागात कित्येक घरांत विधवेचा पाट, म्हणजे दुसरे लग्न, लागे; आमच्या कुळात लावीत नसत, आणि लावीत नाही याचा वडिलांना विलक्षण अभिमान होता. ती माघारी आली ती कायमची. गेली वीस वर्षे तिच्या अंगावर बिनकाठाचे काळपट लुगडे होते. लग्नातला लाल शालू एकदाच अंगाला लागून आईच्या पत्र्याच्या पेटीत पडला होता. आणि अशा माणसाची नात ते सुधारक होते म्हणून सांगते! वडील न्यायी होते, कष्टाळू होते, शब्दाचे पक्के होते. सुधारक ते नव्हते.

फोटोवाल्याला चहा देताना फुईने त्याला एवढेच विचारले, "भाऊ, लाल खरंच काळं दिसस का?"

"एकदम काळो, बेन. शाई जेवो," तो म्हणाला. शाईसारखा.

मला वाटले, भावाच्या फेट्याची काळजी करते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात जाजम टांगले गेले. वडील व आई खुर्च्यांवर बसले, त्यांच्या मागे आम्ही दोघे भाऊ उभे राहिलो, आणि आईच्या शेजारची पाटाची बैठक फुईसाठी मोकळी होती. फोटोवाल्याने काळ्या कापडाखाली डोके घातले, बाहेर काढले, आणि आता कोणी हलू नये म्हणून बजावले. तेवढ्यात फुई घरातून बाहेर आली.

तिने तो शालू नेसला होता.

त्या लालाची मला कल्पनाच नव्हती. वीस वर्षे अंधारात राहिल्याने तो जणू अधिकच पेटला होता. कपाळ कोरे, हात मोकळे, आणि त्यांच्यामध्ये ते लखलखीत लाल. घडीच्या चौकोनी खुणा अजून त्यावर उमटलेल्या होत्या. माझ्या भावाच्या तोंडून "अरे" एवढाच उच्चार निघाला. कुंपणापलीकडे पाहायला जमलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले. ती शांतपणे चालत आली आणि पाटावर बसली.

"मझार जाय," वडील ओठ न हलवता म्हणाले. आत जा.

"कसाले?"

"लाज शे का नही? लोके काय म्हनतीन?"

"तुमना फेटा लाल, मन्हा शालू लाल," फुई समोर पाहत म्हणाली. "फोटोमा दोन्ही काळाच दिसतीन. लोकेसले काळंच दिसी, जिभाऊ. लाल दिसी ते फक्त तुमले."

वडिलांची मूठ खुर्चीच्या हातावर आवळली. ते उठले असते, यात मला शंका नाही. पण परगावचा माणूस समोर होता, त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते, आणि परक्यापुढे घरची भानगड उघडी करणे वडिलांना मरणाहून कठीण होते. तो माणूस उत्साहाने ओरडला, "बस, बस, हलू नका!" आणि त्याने भिंगावरचे झाकण काढले.

म्हणून गावातले एक निवृत्त मास्तर येणाऱ्या पाहुण्यांना जे समजावून सांगतात, की त्या काळी फोटोत गंभीर बसण्याची रीत होती आणि आमच्या वडिलांच्या मुद्रेवर केवढा करारीपणा आहे पाहा, ते त्यांनी कृपा करून थांबवावे. तो करारीपणा नव्हे. वीज कोसळलेल्या माणसाचा तो चेहरा आहे. माझा तसाच आहे, भावाचे तर तोंड अर्धवट उघडे आहे. आईच्या मुद्रेबद्दल मात्र मी शपथ घेणार नाही, कारण पेटीची किल्ली तिच्या कमरेला असे. त्या फोटोत शांत असे एकच माणूस आहे, ते म्हणजे फुई.

फोटो काढून झाल्यावर फुईने स्वतःच शालू उतरवला, घडी घातली, पेटीत ठेवला. वडील तिच्या हातचे पाणीही घेईनासे झाले.

फोटो आला तो काही दिवसांनी, ऐन दुपारी. वडिलांनी तो बराच वेळ उजेडाकडे धरून पाहिला आणि आईकडे दिला. आईने तो फुईला दाखवला. त्या क्षणी मी दारातच होतो. पुढे जे झाले ते ना पुतण्याला ठाऊक आहे, ना पुतणीला.

फुईने फोटो हातात घेतला, आणि तिचा चेहरा उतरला. काळे दिसणार हे तिला माहीत होते. त्याच्याच जोरावर तर तिने सर्वांना गप्प केले होते. पण माहीत असणे निराळे आणि पाहणे निराळे. चौदा वर्षांची नवरी तिला कदाचित त्यात दिसायची होती. दिसली ती काळ्या लुगड्यातली, गाल बसलेली, पस्तिशीकडे झुकलेली विधवा. आम्ही सर्वांनी मिळून तिला जशी ठेवली होती, नेमकी तशी.

"हाई कोन शे?" ती म्हणाली. मग शालूवरून बोट फिरवून, "हाई ते काळंच शे. मन्हा शालू कोठे शे यामा?"

फुई जमिनीवर बसली आणि फोटो पालथा घालून रडू लागली. ती रडताना मी तोवर कधी पाहिली नव्हती.

वडील खुंटीवरचे उपरणे काढत होते. ते थांबले. आमच्याकडे त्यांची पाठ होती.

"लालच व्हता," ते म्हणाले. "मी दखेल शे."

त्यांनी उपरणे खांद्यावर टाकले आणि त्या रणरणत्या उन्हात, पायांत वहाणा न घालताच, शेताकडे निघून गेले.