शेपटाला सोंड

संग्रहालयात एकतीस वर्षं किडे टाचण्यांवर लावणाऱ्या त्या माणसाला सगळे टाचणीकाका म्हणत. साडू मात्र भेटला की डोळा मारून विचारी, "काय, आज किती मारले?" किडे मेलेलेच येतात, हे काकांनी त्याला निदान शंभरदा सांगितलं असेल.

काकांचा हात मोठा हलका. तांदळाच्या दाण्याएवढा तुडतुडासुद्धा ते पुठ्ठ्याच्या टोकावर डिंकाच्या थेंबाने असा बसवत, की आत्ता उडेल असं वाटावं. पण एके दिवशी ते घाईत बायकोचा चष्मा लावून कामावर आले. उष्ण प्रदेशातल्या लांब सोंडेच्या तुडतुड्यांचा खोका उघडला, आणि अशी सणसणीत शिंक आली की एकाची सोंडच मोडली. काकांनी ती चिमट्याने उचलली, चिकटवली आणि डबा खायला गेले.

आठवड्याने तुडतुड्यांच्या अभ्यासक प्रोफेसरबाई आल्या. भिंगातून बघता बघता ताडकन उभ्या राहिल्या.

"काका, ह्याची सोंड मागे आहे! ही नवीनच प्रजाती! मी तिला तुमचं नाव देणार."

किड्याखालच्या चिठ्ठीवर त्याला पकडणाऱ्याचं नाव असतं, ओळखणाऱ्याचं असतं. टाचणाऱ्याचं एकतीस वर्षांत कधी आलं नव्हतं. काकांनी स्वतःचा चष्मा लावून भिंगात डोकावलं, तर शेपटावरच्या सोंडेच्या बुडाशी त्यांचाच डिंक चकाकत होता. पण नावाचा मोह सुटेना.

घरी त्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली, तोवर बायकोने फोन उचललासुद्धा. "ताई, ह्यांच्या नावाचा किडा निघतोय! भावोजींना सांग, म्हणावं, आता बोला!"

फोन ठेवल्यावर काका पुटपुटले, "अगं, सोंड मीच उलटी लावली."

"मग? कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना!"

"माझ्या चष्म्यातून लावलीत ना? मग माझंही नाव घालायला सांगा."

काका रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी बाई शोधनिबंध पाठवायला निघाल्या होत्या, तेवढ्यात काकांनी त्यांना थांबवलं आणि तुडतुड्याच्या शेपटावर कोमट पाण्याचा एक थेंब सोडला. डिंक सुटला. सोंड तरंगत बाजूला झाली.

बाईंनी ती सोंड चिमट्याने उचलून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "काका, गेल्या वर्षी मी सात पायांचा एक भुंगा पाहिला होता..."

"तोही माझाच," काका म्हणाले. "पाय उरला होता. टाकवेना."

बाई हसता हसता खुर्चीत कोसळल्या. पण प्रजाती गेली ती गेलीच, आणि नावही गेलं.

संध्याकाळी काकांनी बायकोला सगळं सांगितलं. ती पदर खोचून फोनपाशी गेली.

"ताई, त्या किड्याचं काही खरं नाही गं. फारच किरकोळ निघाला. ह्यांनी साफ सांगितलं, असल्याला मी माझं नाव देणार नाही."