विजया मॅडमची तालीम

विजया मॅडम पहिल्या भेटीत माणसाची कॉलर धरायच्या. हैदराबादेत जामबागेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मी नाच शिकायला गेलो, तेव्हा त्यांनी माझा इस्त्रीचा निळा शर्ट मुठीत पकडला आणि विचारलं, "हा कुणासाठी घातलास?" ऑफिसातून थेट आलोय, असं मी म्हणालो. "हौ, पण कुणासाठी?" त्यांनी हिसका दिला, वरची दोन बटणं तुटून फरशीवर पडली. "उद्यापासून ये," त्या म्हणाल्या.

साठी उलटलेली, काटक, आखूड केसांची बाई. आयुष्यभर शाळेत खेळ शिकवले आणि निवृत्तीनंतर काचीगुड्याच्या दोन खोल्यांत एकटीने राहून नाच बसवायला लागल्या. त्या वर्षी त्यांनी कपड्यांवर नृत्यनाट्य करायला घेतलं होतं. आम्ही सातजण होतो. पुलाखाली ब्रेकडान्स करणारे, काळे टीशर्ट घालून कर्कश गिटार ऐकणारे, केस निळे केलेली एक मुलगी आणि आयटीतला मी. प्रत्येकाने असा एक कपडा आणायचा होता, ज्याच्यापायी मार खाल्ला. निळ्या केसांच्या मुलीने वडिलांनी कात्रीने फाडलेली जीन्स आणली. अफझलगंजमधल्या साईने जाळीचा चमकता शर्ट आणला. तो घालून बसस्टॉपवर उभा असताना चौघांनी त्याला लाथांनी तुडवलं होतं. दोन बरगड्या मोडल्या होत्या.

मी रिकाम्या हाताने गेलो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "तुझा कुठेय?"

"मी मार खाल्ला नाही, मॅडम. दिलाय."

कॉलेजात असताना आम्ही तिघांनी एका मुलाला कानात बाळी घातली म्हणून धरलं होतं. बाळी मी ओढली. कानाची पाळी फाटली, माझी बोटं रक्ताने चिकट झाली आणि आम्ही हसत होतो. हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. मॅडमनी मला हाकललं नाही. "खरं बोललास ना? आता खरं नाच," म्हणाल्या आणि साईला मारणाऱ्याचं काम माझ्याकडे दिलं.

'खरं' हा त्यांचा लाडका शब्द. माझा हात हवेत थांबला की ओरडायच्या, "नाटक नक्को! खोटा मार बघणाऱ्यालाही लागत नाही." एकदा समजावून कंटाळल्या आणि माझ्या थोबाडीत ठेवून दिली. "असा!" कान सुन्न झाला. साईच मला धीर द्यायचा, "मार रे भाई, मैं संभाल लेतूं." हळूहळू मला जमायला लागलं. खरं सांगायचं तर आवडायलाही लागलं.

पहिल्या प्रयोगाला हॉल भरला होता. मी साईचा शर्ट धरला, जाळी टरकली आणि समोरून कुणीतरी शिट्टी मारली. त्या शिट्टीने मला चेव आला. ठरलेला ठोसा एक होता, मी तीन मारले. तिसऱ्याला त्याच्या नाकाचं हाड मोडलेलं माझ्या बोटांना कळलं. लोक टाळ्या वाजवत होते. मॅडम धावत आल्या, मला बाजूला ढकललं, संगीत बंद करायला लावलं आणि लोकांना म्हणाल्या, "हा नाच नाही. पोराला खरंच लागलंय. घरी जा."

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात साईचा मोठा भाऊ माझ्या अंगावर आला. तो गॅरेजवाला, हातात लोखंडी पाना. स्ट्रेचरवरून साई ओरडत होता, "अन्ना, वद्दु! नको मारू!" मॅडम मध्ये पडल्या आणि पाना त्यांच्या मनगटावर बसला. तो आवाज ऐकून भाऊच मटकन खाली बसला. मोडलेला हात छातीशी धरून मॅडम त्याला म्हणाल्या, "बेटा, मारने कू मैं बोली थी."

मला वाटलं, मला वाचवायला म्हणाल्या. प्लास्टर घालून बाहेर आल्यावर मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले. "तुला वाचवायला नाही बोलले मी. प्रयोगाआधी तीन दिवस बघत होते, तुझा हात बदलला होता. दिसत होतं मला. पण प्रसंग रंगत होता रे, म्हणून थांबवलं नाही." आणि ही बाई भिंतीकडे तोंड करून रडायला लागली.

सगळ्यांना वाटलं, संपलं. चार महिन्यांनी त्यांनी साईला विचारलं, पुन्हा करायचं का? तो हौ म्हणाला, तेव्हाच मला बोलावणं आलं. मारामारी त्यांनी काढून टाकली होती. मार जेवढा वेळ चालायचा, तेवढा वेळ आम्ही दोघांनी नुसतं समोरासमोर उभं राहायचं. संगीतही नाही. लोकांना ते कंटाळवाणं वाटायचं, काही उठून जायचे. मागच्या वर्षी मॅडम वारल्या, तोवर त्यांनी त्यात काडीचाही बदल केला नाही.

पहिल्यांदा तसा उभा राहिलो, तेव्हा साईचं डावीकडे वाकलेलं नाक माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. तो सरळ माझ्याकडे बघत होता. माझी नजर खाली गेली. तोच विंगेतून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात मॅडम ओरडल्या, "मान वर कर. बघ त्याच्याकडे."