दोरीवरची गाडी

बाइंडर दवाखान्याच्या दारात दिसला की कंपाउंडर आधी टिंक्चरची बाटली काढायचा आणि मगच विचारायचा, आज काय, बोनेट की हँडल? एकदा बिचारा खरोखरच पोट दुखतं म्हणून गेला, तर कंपाउंडरचा विश्वास बसेना. त्याने दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, काही सापडलं नाही तेव्हा कुठे त्याला डॉक्टरांकडे आत सोडलं.

माणूस छापखान्यात पुस्तकं बांधायचा. तिथे कागद कापायचं यंत्र होतं, आणि त्याचं पातं नुसतं पाहूनच नवख्याने दोन पावलं मागे सरावं. हयातभर बाइंडरने त्या पात्याखाली गठ्ठे सरकवले, पण त्याला साधा ओरखडा आला नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र घरापुढच्या जुन्या गाडीशी गाठ पडली की संध्याकाळपर्यंत काहीतरी चेपलेलं, भाजलेलं नाहीतर सोललेलं असायचंच. दुसऱ्या दिवशी छापखान्याचे मालक त्याच्या पट्ट्या बघून विचारायचे, आज कोणत्या बोटांनी काम करणार ते सांग, म्हणजे तसं काम देतो.

गाडी त्याने हौसेने घेतली असती तर एक वेळ समजलं असतं. ती दिली होती बायकोच्या थोरल्या भावाने, फुकट. फुकटच्या वस्तूला नावं ठेवता येत नाहीत, त्यातून सासरची म्हटल्यावर टाकताही येत नाही. मेव्हणा टेकडीवरच्या गावात राहायचा. त्याने मालाच्या फेऱ्यांसाठी टेम्पो घेतला, तेव्हा जुन्या गाडीची किल्ली बाइंडरच्या हातावर ठेवली आणि चारचौघांत म्हणाला, "ही स्वतःच्या पायांनी माझ्या दारात आणून दाखव, मग तुला ड्रायव्हर म्हणेन. तोवर तू आपला बाइंडरच."

आता ही काय मनावर घ्यायची गोष्ट झाली? पण घेतली बाबाने.

टेकडीच्या चढावर, गाव अगदी डोक्यावर आलेलं असताना, एक वळण होतं. तिथे पोचलं की रेडिएटरमधलं पाणी उकळायचं, बोनेटमधून वाफेचा फवारा उडायचा आणि गाडी रस्त्यातच बसकण मारायची. मेव्हण्याच्या घराच्या पायरीवरून ते वळण स्पष्ट दिसायचं. वाफ दिसली की तो उठायचा, खुंटीवरची दोरी खांद्यावर टाकायचा आणि टेम्पो घेऊन खाली यायचा. 'या ड्रायव्हरसाहेब' म्हणून आधी मीठ चोळायचा, मग दोरी बांधायचा, मग खिडकीत डोकं घालून बहिणीला विचारायचा, "ठमे, आलीस?" आणि गाडी ओढत दारात न्यायचा. दर खेपेला हेच. बायकोला त्यात काही वावगं वाटत नसे. तिचं माहेर त्या वळणापासूनच सुरू व्हायचं. बाइंडरचं डोकं मात्र रेडिएटरच्या आधी तापायचं.

तसं गाडीने त्याला घरीदारी कुठेच सोडलं नव्हतं. एकदा बोनेटचा टेकू निसटला आणि बोनेट डोक्यात बसलं. एकदा हॉर्न वाजायचा थांबेना म्हणून त्याने तारा उपटल्या, तर हॉर्न थांबला आणि वायपर सुरू झाले. डावं दार वळताना आपोआप उघडायचं, ते त्याने पुस्तक शिवायच्या मेणदोऱ्याने असं आवळलं की पुन्हा म्हणून उघडू नये. आणि नेमकं त्याच दिवशी, भर बाजारात, उजव्या दाराची कडी त्याच्या हातात आली. नवराबायको आत आणि सगळा बाजार बाहेर. मग साहेब खिडकीतून निघाले आणि कमरेत अडकले. हात ओढावेत की पाय आत ढकलावेत, यावर बघ्यांमध्ये दोन तट पडले. बायको आत बसून इतकी हसली की शेवटी तिलाच ठसका लागला.

सेल्फ कधीच मेला होता, त्यामुळे गाडी पुढून हँडल मारून सुरू करावी लागे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही, कारण इंजिन कधी उलटा झटका देईल सांगता येत नाही. हे मेव्हण्याने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं आणि पुढे दर भेटीत सांगितलं. बाइंडरला पाठ होतं. पण जन्मभर पुस्तकं दाबून धरलेला हात, तो आपसूक मूठ वळायचा. मग कंपाउंडर होताच.

अशीच वर्षं गेली, आणि एक दिवस भाचेसुनेचा फोन आला. मेव्हणा गेले काही महिने विसरायला लागला होता, ते घरात माहीत होतं. आता माणसंच ओळखेनासा झाला होता. मुलाला विचारतो, आपण कोण. सुनेला दवाखान्यातली बाई समजतो. मात्र सकाळ झाली की खुंटीवरची दोरी काढतो आणि वळणाकडे बघत पायरीवर बसतो. कोण येणार आहे म्हणून विचारलं तर म्हणतो, ठमी यायची आहे, बाइंडर अडकला असेल.

बायको रडली नाही. उलट तिच्या तोंडावर तेज आलं. सगळ्यांना विसरला, मला नाही विसरला, हे तिने शेजारीपाजारी जाऊन सांगितलं. तिला आता एकच हवं होतं, दादाने एकदा तिला ठमे म्हणून हाक मारावी. डॉक्टरांनी बजावलं होतं की आहे तेही फार दिवस राहायचं नाही, म्हणून लगेच निघायला हवं होतं. बसने जाऊ या, असं ती म्हणाली आणि मग स्वतःच म्हणाली, नको, त्याला गाडीच ठाऊक आहे.

बाइंडरच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. मेव्हण्याला थोडीतरी समज आहे तोवर गाडी त्याच्या दारात बिनदोरीची न्यायची. खोटं कशाला बोला, बायकोला सुखाने पोचवावं हे मनात होतं, आणि मेव्हण्याची एकदा जिरवावी हेही होतं. त्याने रेडिएटर उतरवून धुतला, रबरी नळ्या बदलल्या, पंख्याचा पट्टा बदलला. नळी बसवताना कोपर सोललं, पट्ट्यात बोट चेमटलं, आणि शेवटी हँडलने झटका दिला तो असा की अंगठा वांग्याएवढा सुजला. कंपाउंडरने पट्टी बांधताना हात जोडून सांगितलं की बाबा, आता महिनाभर गाडीला शिवू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी हा गाडी घेऊन निघाला.

आणि गाडी काय धावली म्हणता! खड्डे आले, चढ आला, पण एक उचकी नाही की ठसका नाही. बाइंडर दुखऱ्या अंगठ्याने स्टिअरिंगवर ठेका धरत होता. वळण जवळ आलं तसा त्याने तापमानाचा काटा पाहिला. काटा शहाण्यासारखा जागेवर होता.

"अहो, इथे थांबवा," बायको म्हणाली.

"चढावर थांबवली तर परत उठायची नाही."

"नाही उठली तर नाही उठली. दादा वरून बघत असेल."

"मग बघू दे की. आज बघू दे त्याला."

त्याने गिअर टाकला आणि वळण मागे पडलं. बायकोने मान वळवून मागे पाहिलं. हॉर्न वाजवत, गल्लीतल्या कोंबड्या उधळत गाडी थेट मेव्हण्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

मेव्हणा पायरीवर होता. मांडीवर दोरी होती. त्याने गाडीकडे पाहिलं, मग मान डावीकडे केली, उजवीकडे केली, आणि अगदी मवाळपणे म्हणाला, "गाडी जरा बाजूला घेता का? मला वळण दिसत नाही."

बायको उतरून भावाच्या पायाशी बसली, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, दादा, मी, ठमी. त्याने हात सोडवून घेतला नाही. परक्या बाईला बसवावं तसं त्याने तिला नीट बसायला सांगितलं, आतून पाणी मागवलं.

"माझी बहीण यायची आहे," तो म्हणाला. "तिचा नवरा गाडी चालवतो, पण तो ड्रायव्हर नाही हो. बाइंडर आहे. अडकला असेल वळणावर."

बाइंडरला स्वतःचा इतका संताप आयुष्यात आला नव्हता. नको तिथे शहाणपण म्हणतात ते हेच. त्याने भाच्याला बाजूला घेतलं, टेम्पो काढायला लावला, मेव्हण्याच्या मांडीवरची दोरी गोडीगुलाबीने मागून आणायला भाचेसुनेला पाठवलं. गाडी उतारावरून परत वळणापर्यंत नेली, बायकोला तिच्या नेहमीच्या जागी बसवलं. भाच्याने दोरी बांधली. वाफ तेवढी नव्हती, बाकी सगळं तसंच्या तसं. भाचा सावकाश ओढत होता आणि बायको पदराने चेहरा पुन्हा पुन्हा पुसत होती, भावाला नीट ओळखू यावं म्हणून.

दोरी दिसली तसा मेव्हणा उठला. चालीत एकदम जुना जोर आला. तो गाडीपाशी आला, वाकला, आणि त्या हातांनी गाठ अशी सोडवली की भाच्यालाही जमली नसती. दोरीचं वेटोळं केलं, खांद्यावर टाकलं. खिडकी हातभर अंतरावर होती. बायकोने आतून हाक मारली, "दादा."

त्याने वर पाहिलं, पण नजर गेली ती बाइंडरच्या पट्टीवर. "हँडल लागलं वाटतं," तो कळवळून म्हणाला. "अंगठा बोटांच्या बाजूला ठेवावा. आमच्या बाइंडरलाही किती सांगितलं, ऐकतच नाही." आणि पुन्हा पायरीवर जाऊन वळणाकडे तोंड करून बसला.

जेवणं झाली, म्हणजे ताटं वाढली आणि उचलली गेली. निघताना बायकोने भावाला वाकून नमस्कार केला, तर त्याने तिला सांगितलं की खाली वळणावर एक गाडी बंद पडलेली दिसेल, त्यांना म्हणावं, निघालोच. ती बरं म्हणाली.

गाडी पहिल्याच हँडलला सुरू झाली. उतरताना वळण आलं आणि बाइंडरने कुणी न सांगता गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. तिथून वरची पायरी दिसायची, पण त्याने इतक्या वर्षांत ती कधी पाहिली नव्हती, कारण तो नेहमी बोनेटमध्ये डोकं घालून असायचा. बायकोला ती ठाऊक होती. पायरीवर मेव्हणा बसला होता. तोही इकडेच बघत होता.

"जन्मभर नको तिथे बंद पडली," बायको म्हणाली. "आज सकाळी एकदा पडायला हवी होती."

सकाळी थांबलो असतो तर त्याने हाक मारली असती की नसती, हे आता देवालाच ठाऊक. तो उतरला, पुढे गेला, त्याने बोनेट उघडून टेकू लावला आणि उगाच उभा राहिला. वरून दिसावं म्हणून. बायकोनेही खिडकीची काच खाली केली. बराच वेळ गेला. पायरीवरचा माणूस काही उठला नाही. मग दारातून भाचेसून बाहेर आली, तिने सासऱ्यांना हाताला धरून उठवलं, खांद्यावरची दोरी काढून घेतली आणि आत नेलं. पायरी रिकामी झाली.

"चला," बायको म्हणाली आणि तिने काच वर केली.