कल्ला उघडून दाखव

२०१७च्या उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायको टोरांटोहून दक्षिण फ्रान्समधल्या एका समुद्रकाठच्या गावी गेलो. पाणी इतकं निळं, की मला पहिल्या दिवसापासूनच संशय. आमच्या वसईच्या समुद्राला मासळीचा वास असतो. याला कसलाच नाही.

पहिल्याच सकाळी बंदरावर एक बाई मासे विकत होती. मी सवयीने एका माशाचा कल्ला बोटाने उचलला, तशी तिने हातावर चापट मारली. हात लावू देत नाही म्हणजे मासा शिळा, असं मला आईने शिकवलंय. मी तरातरा निघाले. पुढचे चार दिवस ट्रेनने शेजारची गावं पालथी घातली. नवरा किल्ले आणि लिंबाच्या बागा बघत होता, मी मासळीबाजार. कुठेच हात लावू देईनात.

"सगळे सामील आहेत," मी म्हणाले.

"अगं, सुट्टीवर आलोय आपण, धाड घालायला नाही."

शेवटच्या सकाळी बंदरावर तीच बाई. मला पाहताच तिने स्वतःच एका माशाचा कल्ला उघडून माझ्या नाकासमोर धरला. आत लालभडक, म्हणजे मासा अगदी ताजा. मग मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडे असेच बघून घेतात?"

नवरा माझ्याकडे बघून हसला. घरी बेसमेंटमधल्या फ्रीझरमध्ये सुरमई होती; तुकडे केलेली, प्लास्टिकमध्ये बांधलेली. कॅनडातल्या अकरा वर्षांत मी तिचं डोकंसुद्धा पाहिलं नव्हतं.