पुलात अडकलेला गडी

आमच्या बुधवारा मोहल्ल्यातल्या घरात एक व्हिडिओ गेम होता आणि तो नकली होता. यातलं पहिलं आम्ही सगळ्या गल्लीला सांगत फिरलो, दुसरं आम्हालाच माहीत नव्हतं. बाजारात तेव्हा परदेशी माल नुकताच यायला लागला होता. काकांनी इंदूरहून आणलेल्या त्या खोक्यावर सगळी अक्षरं चिनी होती, म्हणजे माल अस्सल असणार, असं बाबा म्हणाले. बाबा शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे त्यांच्या तर्कापुढे कोणी बोलत नसे.

कॅसेट आत घालण्याआधी तिच्यात फुंकर मारायची, मग तिच्या एका कोपऱ्याखाली आगपेटीचा पुठ्ठा सारायचा, की टीव्हीवर चित्र यायचं. चित्रात आकाश हिरवं आणि नदी लाल. मागच्या गल्लीतले कापडाचे लूम सुरू झाले की ती नदी थरथरायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. जिथे गेम बनला तिथलं आकाश हिरवंच असेल, आपण कुठे बघायला गेलोय?

गेम असा होता: दोन गडी बंदुका घेऊन जंगलातून चालतात. पहिला रिमोट दादाचा, दुसरा माझा. हे कोणी ठरवलं नव्हतं. मोठं वांगं भावाच्या ताटात पडतं ते तरी कोण ठरवतं? पुढे एक पूल लागायचा. त्या पुलावर दुसरा गडी हमखास फळीत कमरेपर्यंत रुतायचा. मरायचा नाही, निघायचाही नाही, नुसता जागच्या जागी हात हलवत राहायचा. आणि तो हलेना म्हणून पडदा पुढे सरकायचा नाही, त्यामुळे पहिला गडीही तिथेच अडकून.

यावर उपाय दोनच. पहिल्या गड्यानं माझ्याशेजारी उभं राहून गोळी खायची. तो मेला की दोघेही पुलाच्या अलीकडे पुन्हा उभे राहत आणि मग दुसरा धड पार जाई, असं आमच्याकडे खेळून गेलेली गल्लीतली पोरं सांगत. नाहीतर रिसेट दाबायचं, म्हणजे सगळा खेळ पहिल्यापासून. पुलावर पहिल्यानं जीव द्यायचा, हा नियमच आहे असं आमचं घर धरून चाललं होतं. आई तर स्वयंपाकघरातून ओरडायची, दे रे जीव तिच्यासाठी, तुझं काय जातं? पण दादानं जन्मात कधी जीव दिला नाही. त्याचा अंगठा थेट रिसेटवर. मी पुलापलीकडे काय आहे ते कधी पाहिलंच नाही, आणि तरी रोज संध्याकाळी त्याच्या शेजारी जाऊन बसायचे. आवड होती, दुसरं काय.

अशात मला पाहायला फोपनार गावाहून पाहुणे आले. मुलगा केळीच्या बागायतदारांचा, शिकलेला, दिसायला बरा. याआधीच्या तिघांना मी नाही म्हटलं होतं आणि घरात माझ्या नखऱ्यांची चर्चा होती. बाबांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं की या वेळी संध्याकाळपर्यंत काय ते सांग, लटकत ठेवू नको. आयुष्याचा प्रश्न आणि मुदत संध्याकाळची! त्या मुलाबद्दल मला माहीत होतं ते एवढंच की त्याला गोडात दराबा आवडतो, कारण पुढे ठेवलेला तो त्यानं दोनदा घेतला.

मुला-मुलीला जरा बोलू द्यावं, ही फॅशन तेव्हा आमच्याकडे नवीनच आली होती. दार उघडं ठेवून, अर्थात. आमच्याकडे तशी खोली एकच, टीव्हीची, आणि तिथे दादा पहारा म्हणून गेम लावून बसलेला. आम्ही समोरासमोर बसलो. बोलायला दोघांनाही काही सुचेना. दादाला दया आली असावी. त्यानं पाहुणा म्हणून आपला पहिला रिमोट त्याच्या हातात दिला आणि स्वतः दारात जाऊन टेकला. मी सवयीनं दुसरा उचलला.

आम्ही पुलावर आलो. मी रुतले. मुलाचा गडी दोन पावलं पुढे गेला, पडदा सरकेना, म्हणून थांबला. समोरून गोळी निघाली. त्या गेममधल्या गोळ्या इतक्या सावकाश यायच्या की तेवढ्यात माणसानं चहा संपवावा. दादा दारातून म्हणाला, रिसेट दाबा, काही होत नाही.

"थांबा ना," तो म्हणाला. "त्या अडकल्यात."

आणि तो मागे येऊन माझ्या गड्याशेजारी उभा राहिला. गोळी आली, लागली, तो मेला. आम्ही दोघे पुलाअलीकडे पुन्हा उभे राहिलो आणि मी पहिल्यांदा पार गेले. पलीकडे काय होतं ते दिसायच्या आत लाईट गेली, पण मला आता त्याची पडली नव्हती. माझं ठरलं होतं. बाबांनी संध्याकाळी विचारलं, काय बोललात एवढं? मी म्हटलं, काही नाही, हो म्हणून कळवा. आई देवापुढे साखर ठेवायला धावली.

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात, एक दिवस जेवताना, मी लाडात येऊन विषय काढला, की त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी मेलात. हे हसत सुटले. म्हणाले, अगं, गोळी चुकवायला मला उडीचं बटणच सापडत नव्हतं. पडदा थांबला तसं वाटलं, माझ्या हातून तुमचा टीव्ही बिघडला. घाबरून मागे आलो आणि तिथेच उभा राहिलो.

मला असा संताप आला म्हणून सांगू! सगळं गाव पत्रिका जुळवून लग्न करतं, मी एका न सापडलेल्या बटणावर केलं होतं. हात दाखवून अवलक्षण दुसरं काय? मी बोलणं टाकलं. हे दारापुढे केळीचा घड ठेवून समजूत काढत बसले. केळीच्या गावात केळी!

नंतर संसार झाला, तो सगळ्यांचा होतो तसा. भांडलो, बागेला पाणी दिलं, वादळात बाग आडवी झाली तेव्हा पुन्हा लावली. तरी ते बटण माझ्या मनातून काही गेलं नाही. कोणी नवऱ्याचं कौतुक केलं की मी आत हसायचे, म्हणायचे, तुम्हाला काय माहीत.

गेल्या दिवाळीत आमचा मुलगा पुण्याहून आला आणि त्यानं तोच गेम लॅपटॉपवर लावून दिला. आकाश निळं. पूल धड. कोणी रुतलं नाही. आम्ही पार गेलो, तर पलीकडे तेच जंगल, तीच झाडं. मुलगा म्हणाला, मम्मी, तो बग होता, तुमची कॅसेट डुप्लिकेट होती. म्हणजे जीव देण्याचा नियम वगैरे काही नव्हतंच. घ्या. मी त्याला म्हटलं, बंद कर ते फालतू, माळ्यावरचं खोकं काढ.

दादानं ते लग्नानंतर आम्हालाच देऊन टाकलं होतं. फुंकर मारली, पुठ्ठा सारला, जुन्या टीव्हीवर हिरवं आकाश आलं. यांनी पहिला रिमोट घेतला. इतक्या वर्षांत उडीचं बटण यांना पक्कं झालं होतं आणि ते दाखवायची हौस तर विचारू नका, वाटेत कारण नसताना उड्या. पूल आला. मी रुतले. समोरून गोळी निघाली, तशीच सावकाश. मुलगा वैतागला, "पप्पा, हँग झालाय, रिसेट करा."

"थांब," हे म्हणाले. "ती अडकलीय."

आणि मागे येऊन उभे राहिले. मी पडद्याकडे पाहत नव्हते, यांच्या हाताकडे पाहत होते. गोळी आली, लागली. अंगठा उडीच्या बटणावरच होता.