माशी पाळणारी जयवंता

कऱ्हाटीच्या जयवंताचं काम ऐकलं की बाया तोंडात बोटं घालायच्या. बारामतीजवळच्या मिरचीच्या संशोधन केंद्रात ती पांढरी माशी पाळायची आणि चांगल्या धडधाकट रोपांवर सोडायची. माशीमुळं बोकड्या रोग यायचा, पानं मुरडायची, रोपं मरायची. जे मरणार नाही, त्याच्यापासून साहेबांना नवं वाण काढायचं होतं.

डाळजला तिच्या भावाची, सर्जेरावाची मिरची होती. एका साली ती बोकड्यानं गेली आणि त्यानं खापर बहिणीवर फोडलं. "तुझ्या पदरातनं माशी आली. भाऊबीजेला बी हितं येऊ नगंस."

जयवंता हट्टाला पेटली. वर्षानुवर्षं रोपं मारत राहिली. शेवटी एक मेलं नाही. त्याचं वाण निघालं, आणि डाळजात सगळ्यांच्या आधी ते लावलं सर्जेरावानंच.

त्या भाऊबीजेला ती ओवाळायचं ताट घेऊन त्याच्या बांधावर उभी राहिली. "दादा, आता माशीनं काय व्हत न्हाय."

"व्हय, न्हाय व्हत," तो म्हणाला. "पन तुझ्याबिगर सण करायची सवय लागलीय आमाला."

तिनं त्याच्या मिरचीकडं पाहिलं. वाण खरंच गुणाचं होतं. एकाही पानाला मुरड नव्हती.